गॅस सरकारी, गळती खाजगी

७ सप्टेंबर २०१९ रोजी तेव्हाच्या औरंगाबाद येथे पंतप्रधानांच्या हस्ते उज्ज्वला योजनेतील आठ कोटी क्रमांकाची गॅसजोडणी देण्यात आली. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे आरंभ झालेल्या या योजनेने साडेतीन वर्षांच्या आत आपले उद्दिष्ट गाठले. सरकारी योजनांच्या इतिहासात असा वेग क्वचितच आढळतो, आणि त्याचे श्रेय ज्याचे त्यास दिलेच पाहिजे. २०१६ साली देशातील शंभर कुटुंबांपैकी सुमारे ६२ कुटुंबांकडे गॅस होता. आज गॅस नसलेले कुटुंब हा अपवाद ठरला असून घरगुती ग्राहकांची संख्या ३३ कोटींच्या आसपास गेली आहे. चुलीच्या धुराने डोळे आणि छाती अधू करून घेतलेल्या स्त्रियांच्या पिढ्या आठवल्या, म्हणजे या बदलाचे मोल ध्यानात येते. तथापि इंधन घरात पोचविणे ही एक गोष्ट आणि ते घरात सुरक्षितपणे नांदविणे ही दुसरी. पहिलीचा भार सरकारने उचलला. दुसरीचा भार मात्र ज्या घरात सिलिंडर गेला त्या घरावरच, म्हणजे बहुधा गृहिणीवरच, पडला आहे.

याचे कारण आपल्या अर्थव्यवहाराच्या इतिहासात सापडते. ज्यांनी १९७० आणि १९८० ची दशके संसार करीत काढली, त्यांना गॅसची प्रतीक्षायादी आठवत असेल. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. खासदारांच्या वाट्याच्या कूपनासाठी ओळखीपाळखी धुंडाळाव्या लागत. गॅस मिळणार की नाही, एवढाच तेव्हा प्रश्न होता. टंचाईच्या काळात ग्राहक वस्तू पदरात पडली यातच धन्यता मानतो. तिच्याबरोबर कोणत्या सोयी असाव्यात हे विचारण्याची त्याची प्राज्ञा नसते. टंचाई सरली, पण ती मनोवृत्ती काही सरली नाही. सिलिंडर आला, शेगडी पेटली, म्हणजे सारे झाले असे देणाराही समजतो आणि घेणाराही.

दोन वायू, दोन न्याय

निफाड तालुक्यातील विंचूर हे गाव उदाहरणादाखल घ्यावे. कांद्याचा उपबाजार आणि औद्योगिक विकास महामंडळाचे वाइन पार्क यांमुळे या गावाचे नाव आता जिल्ह्याबाहेरही परिचित आहे. द्राक्षांचा रस आंबू लागला, की दर लिटरमागे सुमारे ४० ते ५० लिटर कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो हवेपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी साचून राहतो. टाकी धुण्यासाठी माणूस आत उतरण्यापूर्वी तेथील हवा तपासली पाहिजे, हे या धंद्यातील पहिले पथ्य होय. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कलम ३६ अन्वये विषारी वा गुदमरविणाऱ्या वायूंबाबत असे बंधन मालकांवर घातले. कामगार अशिक्षित आहे, त्याला वायू दिसत नाही, म्हणून त्याच्या वतीने यंत्राने पाहावे आणि त्याचा खर्च मालकाने सोसावा, हे तत्त्व आपण पाऊणशे वर्षांपूर्वीच मान्य केले.

आता त्याच कामगाराच्या घरी जावे. तेथेही हवेपेक्षा जड असाच एक वायू आहे, आणि तो तर जळणारा आहे. तेथे ना निरीक्षक, ना कलम, ना यंत्र. स्वयंपाकघर हे वस्तुतः देशातील सर्वांत मोठे कामाचे ठिकाण. पण तेथे राबणारीला आपण कामगार म्हणत नाही, म्हणून तिच्या सुरक्षिततेचा खर्च कोणाच्याच खात्यावर पडत नाही.

ग्रामीण घरांत तर धोक्याची मांडणी आपोआपच होऊन बसते. गॅस आला तरी चूल गेलेली नसते. अंघोळीचे पाणी आणि भाकरी यांसाठी ती बहुतेक घरांत पेटतेच, आणि कित्येकदा ती त्याच खोलीत असते. देव्हाराही स्वयंपाकघरातच, आणि समई जमिनीलगत. गळालेला गॅस जमिनीलगत पसरतो, आणि आपल्या घरातील विस्तवही जमिनीलगतच असतो, ही गोष्ट कोणत्याही परदेशी माहितीपत्रकात लिहिलेली सापडणार नाही.

नाक हे पहिले यंत्र

घरगुती गॅस हा मुख्यतः प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण असून मुळात त्याला जवळजवळ वास नसतो. जो उग्र दर्प आपण ‘गॅसचा वास’ म्हणून ओळखतो, तो त्यात मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टन या द्रव्याचा. ही योजना मोठी किंमत मोजून सुचली आहे. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन या गावच्या शाळेखाली साचलेल्या वासहीन नैसर्गिक वायूचा स्फोट झाला आणि सुमारे ३०० जण, त्यांत बहुतेक मुलेच, प्राणास मुकली. त्यानंतर वायूला वास देणे तेथे कायद्याने सक्तीचे झाले. म्हणजे वायूची गळती ओळखणारे पहिले सार्वत्रिक यंत्र हे माणसाचे नाकच होय, आणि ते कामाला लावण्यासाठीही कायदाच करावा लागला.

परंतु हे यंत्र सदासर्वदा चालू नसते. झोपेत ते बंद असते. सर्दीत ते निकामी होते. उतारवयात ते मंदावते, आणि घरात दिवसभर एकटी असणारी माणसे बहुधा वृद्धच असतात. २०२० व २०२१ सालच्या कोविडच्या साथीत असंख्य लोकांचा वास काही काळ गेला. काहींचा तो पूर्ववत परतलाच नाही. शिवाय तोच वास सतत येत राहिला, तर नाक त्याला सरावते आणि दखल घेईनासे होते. जेथे नाक अपुरे पडते, तेथे यंत्राने काम करावे, एवढाच गॅस डिटेक्टरचा अर्थ. जपानमधील संशोधक नाओयोशी तागुची यांनी १९६२ साली गॅसचा स्पर्श होताच ज्याची विद्युतरोधकता बदलते असा धातूच्या ऑक्साइडचा संवेदक शोधून काढला. घरगुती डिटेक्टर मोठ्या प्रमाणावर आजही याच तत्त्वावर चालतात.

सत्तर ग्रॅमांचा हिशेब

हे यंत्र चैनीची वस्तू आहे की गरजेची, याचा निर्णय भावनेवर न सोडता हिशेबावर सोडावा. हवेत गॅसचे प्रमाण सुमारे १.८ टक्के झाले, की ठिणगी त्याला पेटवू शकते. आठ फूट लांब, आठ फूट रुंद आणि नऊ फूट उंच असे एक साधे स्वयंपाकघर धरू. त्यात सुमारे १६ घनमीटर हवा मावते. गॅस सर्वत्र सारखा पसरला असे मानले, तर स्फोटक मिश्रण होण्यास साडेसहाशे ग्रॅमांच्या आसपास गॅस गळावा लागेल. पण गॅस सारखा पसरत नाही. प्रोपेन हवेच्या दीडपट आणि ब्यूटेन दुप्पट जड. वारा नसेल, तर तो जमिनीलगतच्या फूटभर थरात साचतो, आणि त्या थरापुरते स्फोटक मिश्रण होण्यास ७० ग्रॅमांच्या आसपास गॅस पुरतो. भरलेल्या सिलिंडरात तो १४.२ किलो असतो, म्हणजे हे प्रमाण दोनशे भागांतील एक भाग एवढेच झाले. उभ्या माणसाच्या नाकापर्यंत वास धडपणे पोचण्यापूर्वीच पायाशी धोका तयार होऊ शकतो, तो असा.

चांगला डिटेक्टर या स्फोटक पातळीच्या दहाव्या ते चौथ्या हिश्श्यालाच वाजू लागतो. पाचवा हिस्सा धरला, तर वरच्या उदाहरणात १४-१५ ग्रॅम गॅस साचताच घंटा व्हावी. त्यामुळे दार-खिडकी उघडण्यास जो अवधी मिळतो, तोच या यंत्राचा खरा माल. बाकी डबी आणि दिवा हे नुसते वेष्टन.

कोणते घ्यावे, कोठे लावावे

येथे ग्राहकाची सर्वांत मोठी फसगत होते, आणि ती दुकानदाराच्या लबाडीपेक्षा स्वतःच्या अज्ञानामुळे अधिक होते. पहिला प्रश्न यंत्राच्या किमतीचा नाही, वायूचा आहे. सिलिंडरचा गॅस जड, म्हणून त्याचा डिटेक्टर जमिनीपासून वीतभर ते फूटभर उंचीवर बसवावयाचा. नळाने येणारा नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन. तो हवेच्या जवळजवळ निम्म्याने हलका, म्हणून त्याचा डिटेक्टर छताखाली फूटभराच्या आत. नाशिक शहरात महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडच्या नळाने वायू येऊ लागल्यापासून हा भेद आपल्या जिल्ह्यात केवळ पुस्तकी राहिलेला नाही. सिलिंडरच्या काळात खाली बसविलेले यंत्र नळ आल्यावरही तेथेच राहिले, तर घर वायूने भरून जाईपर्यंत ते मुके राहील. अशा वेळी यंत्र वर न्यावे, आणि ते मिथेनसाठी योग्य आहे की नाही हेही पाहून घ्यावे.

शेगडीच्या अगदी वर किंवा शेजारी यंत्र लावू नये. फोडणीची वाफ आणि तेलाचा थर यांनी ते बिघडते व विनाकारण वाजते. शेगडी व सिलिंडर यांपासून एक ते तीन मीटरांच्या अंतरावर, पण त्याच खोलीत, ते असावे. दाराआड, पडद्यामागे, मोरीच्या शिंतोड्यांत अथवा कपाटाच्या पोटात ते निरुपयोगी. उदबत्ती, अत्तर, डासांचा फवारा यांनीही काही यंत्रे वाजतात. तशी वाजली म्हणून त्यांची पिन काढून ठेवण्याची सवय लागली, की यंत्र असून नसल्यासारखे.

दुसरा प्रश्न विजेचा. या संवेदकाला सतत तापलेले राहावे लागते, म्हणून बहुतेक यंत्रे घरच्या विजेवर चालतात. जेथे वीज जाण्याचा भरवसा आहे, तेथे आत बॅटरी असलेलेच यंत्र घ्यावे. तिसरा प्रश्न आयुष्याचा. संवेदक साधारणपणे पाच ते सात वर्षांत थकतो; यंत्रावरचा हिरवा दिवा त्यानंतरही लुकलुकत राहतो. चाचणीचे बटण दाबले असता बहुधा घंटा आणि वीज यांचीच परीक्षा होते, संवेदकाची होत नाही. म्हणून वेष्टनावर उत्पादनाची तारीख, बदलण्याची मुदत आणि प्रमाण यांचा उल्लेख नसेल, तर ते यंत्र कितीही स्वस्त असले तरी महागच. घरगुती ज्वालाग्राही वायूंच्या डिटेक्टरसाठी ईएन ५०१९४ आणि कार्बन मोनॉक्साइडसाठी ईएन ५०२९१ ही युरोपीय प्रमाणे आहेत. ती पाहून घेणे श्रेयस्कर.

कार्बन मोनॉक्साइडचा उल्लेख निराळा केला, तो हेतुपूर्वक. हा वायू गळत नाही. कोंदट जागेत गॅस अर्धवट जळाला म्हणजे तो निर्माण होतो. लहानशा न्हाणीघरात बसविलेला गॅस गिझर हे त्याचे आपल्याकडील नेहमीचे उगमस्थान. ८ मार्च २०२३ रोजी मुंबईत घाटकोपर येथे एक दांपत्य न्हाणीघरात मृतावस्थेत आढळले, तेव्हा गॅस गिझरमुळे गुदमरल्याचाच संशय व्यक्त झाला होता. या वायूला मरकॅप्टनचा वास नाही, आणि सिलिंडरच्या गॅससाठी घेतलेला डिटेक्टर तो ओळखेलच असेही नाही. त्यावर पहिला उपाय यंत्राचा नव्हे, जागेचा: गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत असावा. यंत्र त्यानंतर.

आधी नळी, मग यंत्र

अर्थशास्त्राचा विद्यार्थी पुढचा रुपया कोठे खर्च केल्याने सर्वाधिक लाभ होईल असे विचारतो. त्या कसोटीवर पहिला रुपया डिटेक्टरचा नव्हे. तो रबरी नळीचा आहे. प्रमाणित सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी असा नियम असताना, तडे गेलेली नळी दोऱ्याने किंवा तारेने आवळून वापरणारी घरे प्रत्येक गल्लीत सापडतील. दुसरा रुपया झडपेतील वॉशर आणि रेग्युलेटर यांच्या तपासणीचा. तिसरा खिडकीचा किंवा जमिनीलगतच्या झरोक्याचा. रात्री झोपण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करण्याच्या सवयीला तर रुपयाही लागत नाही. ही चार कामे न करता भिंतीवर यंत्र लावणारा मनुष्य, छप्पर गळत असताना पाऊस मोजण्याचे उपकरण विकत घेणाऱ्यासारखा होय.

पण ही चार कामे केल्यानंतरही चूक व्हावयाची ती होतेच. दूध उतू जाऊन ज्योत विझते, घाईत बटण अर्धवट फिरते. त्या चुकीसाठी यंत्र हवे. आणि यंत्र वाजल्यावर काय करावयाचे, हे घरातील लहान मुलालाही ठाऊक हवे: विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद करू नये, विस्तव मोकळ्यावर विझवावा अथवा त्यापासून दूर व्हावे, दारे-खिडक्या उघडाव्यात, शक्य असल्यास रेग्युलेटर बंद करून सिलिंडरला टोपण लावावे, बाहेर पडावे आणि बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. हे ज्ञान नसेल, तर वाजणारे यंत्र पाहण्यासाठी दिवा लावणारा मनुष्यच ठिणगी पुरवील.

केवळ बाजारावर भिस्त नको

बाजारात हे यंत्र हजार-दीड हजारापासून मिळते. दीड हजाराचे यंत्र पाच वर्षे टिकते असे धरले, तर वर्षाचा खर्च ३०० रुपये होतो. ज्याला हे परवडते त्याने ते घ्यावे, इतरांनी देवावर हवाला ठेवावा, असे म्हणून हा विषय संपविता येईल काय? येणार नाही, कारण गळतीचा धोका विकत घेणाऱ्यापुरता मर्यादित नसतो. ६ डिसेंबर २०२० रोजी सकाळी मुंबईत लालबागच्या गणेश गल्लीतील साराभाई इमारतीत एका घरात गॅसगळतीने स्फोट झाला. सोळा-सतरा माणसे भाजली, त्यांतील काही पुढे रुग्णालयात दगावली, आणि त्यांत शेजाऱ्यांचाही समावेश होता. माझ्या घरातील डिटेक्टरचा लाभ माझ्या शेजाऱ्याला होतो, पण त्याचे पैसे तो मला देत नाही. असा लाभ ज्या वस्तूत असतो ती वस्तू लोक गरजेपेक्षा कमीच विकत घेतात, हा अर्थशास्त्राचा जुना सिद्धांत आहे. देवीची लस सरकारने फुकट टोचली, ती याच न्यायाने.

सरकार याबाबत काहीच करीत नाही असे नाही. पण ते करते ते अपघातानंतर. तेल कंपन्यांच्या विम्यान्वये गॅसच्या अपघातात मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख रुपये, आणि उपचारांसाठी माणशी २ लाखांपर्यंत, एका घटनेस एकूण ३० लाखांच्या मर्यादेत, भरपाई मिळू शकते. ग्राहकाला त्यासाठी निराळा हप्ता भरावा लागत नाही. ही तरतूद किती कुटुंबांना ठाऊक आहे, हा प्रश्न वाचकांनी आपल्या शेजारी विचारून पाहावा. अपघातापूर्वीच्या खर्चाचे प्रमाण मात्र निराळे आहे. २०१६ साली उज्ज्वलेच्या प्रत्येक जोडणीमागे सरकारने जे १,६०० रुपये दिले, त्यांपैकी तपासणी, मांडणी व प्रात्यक्षिक यांच्या वाट्याला ७५ रुपये आले होते. चुलीवर आयुष्य काढलेल्या स्त्रीला एका नव्या, दाबाखालील, ज्वालाग्राही इंधनाची दीक्षा देण्याचे हे मोल. योजनेतील सिलिंडरवरील सवलत २०२२ साली २०० रुपये होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये ३०० झाली. म्हणजे डिटेक्टरचा एका वर्षाचा खर्च एका सिलिंडरवरील सवलतीएवढाच आहे. हा खर्च अशक्य कोटीतील नव्हे. तो अद्याप कोणी मागितला नाही, इतकेच.

सर्वांना एकदम यंत्रे वाटावीत असे येथे सुचवावयाचे नाही. तसे केल्यास निकृष्ट यंत्रांचा एक नवा ठेका मात्र निघेल. क्रम लावावा. प्रत्येक गॅस एजन्सीने पाच वर्षांतून एकदा करावयाची तपासणी खरोखर घरात शिरून व्हावी, केवळ सहीपुरती नसावी. आणि त्याच भेटीत नळी बदलावी. घरगुती डिटेक्टरसाठी स्पष्ट भारतीय प्रमाणचिन्हाची सक्ती व्हावी आणि त्यावर बदलण्याची तारीख मोठ्या देवनागरी अक्षरांत छापावी. चाळी, एकखोली घरे, खिडकी नसलेली स्वयंपाकघरे आणि एकटे वृद्ध राहतात ती घरे यांना प्रथम हप्त्याने वा सवलतीने यंत्र द्यावे. सवलतीचा लाभार्थी ठरविणाऱ्या यंत्रणेला ही घरे शोधणे कठीण नाही. तिच्याकडे पत्त्यासह सारी नोंद आहे.

दरम्यान शाळा आणि कचेऱ्या यांनी सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. विज्ञानाच्या शिक्षकाला जड वायू खाली कसा साचतो हे दाखविण्यास मेणबत्ती, खाण्याचा सोडा आणि लिंबू पुरते. त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड भांड्याच्या तळातील ज्योत विझवितो आणि मुलांना तो ‘दिसतो’. तो प्रयोग पाहिलेली मुलगी घरी जाऊन नळीवरची तारीख वाचेल, आणि देव्हाऱ्यातील समई सिलिंडरपासून दूर सरकवील. तेवढ्याने देशाचे धोरण बदलणार नाही, हे खरे; पण तिच्या घरापुरती गळतीची जबाबदारी कोणीतरी उचलली, असे तरी म्हणता येईल. त्यापुढील जबाबदारी ज्यांनी सिलिंडर दिला त्यांची आहे, आणि ती त्यांच्याकडे मागण्यात कोणतेही अगोचरपण नाही.